आप्पांची फियाट आणि एक राहिलेली वायर

शुभंकरोतीच्या आधी मला एखादं वाक्य पाठ झालं असेल तर ते आईचं, "त्यांचा स्वभावच तसा आहे." पाहुणे आले की आप्पा पाच मिनिटं बसून मागच्या दारानं शेताकडं निघून जायचे आणि आई चहा देता देता हे वाक्य म्हणायची. लग्नाच्या पंगतीत पाठ भिंतीला लागेल अशीच जागा धरायचे, नाही मिळाली तर न जेवता घरी, स्वभाव. रात्री कॉट सोडून दाराजवळ घोंगडं टाकून झोपायचे, मांजर जरी कौलावरनं गेलं तरी उठून बसायचे, स्वभाव. शेतात जायला पायवाट होती, सगळं गाव त्याच वाटेनं जायचं, पण आप्पा अर्धा किलोमीटर लांबच्या डांबरी रस्त्यानं, आम्हाला वाटायचं चिखलाचा कंटाळा असेल. कॅन्टीनच्या रमचा कोटा महिना संपायच्या आत संपायचा तोही स्वभावातच मोजला जायचा.

आणि एक गोष्ट होती जिचा कुणालाच पत्ता लागत नव्हता. शेजाऱ्यांचा दुधाचा टेम्पो होता, थंडीत पहाटे ते सेल्फ मारायचे आणि नुसतं खुर्र खुर्र खुर्र, चालू व्हायचं नावच नाही. त्या आवाजाला आप्पा घरात थांबू शकायचे नाहीत. ओरडणं नाही, कानावर हात नाही, काही नाही, एकदम शांतपणे पायात चपला घालायचे आणि चालायला लागायचे, दोन दोन तास पत्ता नाही. फटाक्याचं मात्र त्यांना काहीच वाटायचं नाही बरं का, दिवाळीत आम्हाला सुतळी बॉम्बची वात सोलून द्यायचे. हे मुद्दाम सांगतेय कारण लोकांना वाटतं लढाई बघितलेला माणूस म्हणजे मोठ्या आवाजाला दचकणार, आमच्याकडं तसं नव्हतं म्हणून आम्हाला कधी शंकाच आली नाही.

आप्पा मिल्ट्रीत ड्रायव्हर होते. इन्फंट्रीच्या पलटणीत एमटीला, म्हणजे पलटणीच्या गाड्या चालवणारे. सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून रिटायर झाले, नंतर बारा वर्षं एका बँकेत गार्ड. आणि हा सतरा वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस घरी आल्यावर बैलगाडी सोडून काही हाकत नव्हता. गावात कुणी ट्रॅक्टर चालवायला बोलावलं तर डोळ्याचं कारण सांगायचे. डोळे चांगले आहेत त्यांचे, अजून सुईत दोरा ओवतात.

कारगिल सगळ्यांना माहीत आहे. आप्पा जिथं होते ती लढाई आमच्या शाळेत कुणी शिकवलीच नाही. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, दुसऱ्या दिवसापासून आपलं सैन्य श्रीलंकेत उतरायला लागलं, नाव शांतीसेना. जायचं होतं तमिळ बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायला, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच बंडखोरांच्या एलटीटीई संघटनेशी लढाई जुंपली, ऑपरेशन पवन. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, ते याच लढाईतलं. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान जहाजानं परत आले तोवर आपली जवळपास १२०० माणसं गेली होती. आणि मद्रासला ती जहाजं लागली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्रीच स्वागताला गेले नव्हते, कारण तिकडच्या बऱ्याच लोकांच्या मनात ही फौज तमिळांवर चालून गेलेली फौज होती. त्या राजकारणात कोण बरोबर कोण चूक यात मला शिरायचं नाही, पण गाडी चालवणाऱ्या पंचविशीतल्या पोराला त्यातलं काय ठरवता येत होतं? तो आपला ताडाच्या झाडांमधनं जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी गाडी काढायचा. आप्पा १९८८ मध्ये गेले, एकोणनव्वदला परत आले. मी एक्क्याण्णवची. म्हणजे मी ज्यांना ओळखते ते आप्पा आधीपासूनच परत आलेले आप्पा आहेत, त्या आधीचे कसे होते हे मला आत्याकडनं ऐकावं लागतं. आत्या म्हणते, लई बडबड्या होता.

आता गाडीकडं येते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना काही सांगायला नको. आमच्या गल्लीत माणूस बुडेल इतकं पाणी होतं. एनडीआरएफ आली, मिल्ट्रीच्या बोटी आल्या, आणि मी पुण्यातनं फोन लावून लावून रडकुंडीला आलेले असताना आप्पा तीन दिवस त्या जवानांबरोबर दोरी धरून उभे होते. आई सांगते की वीस वर्षांत त्यांना इतकं ठीक कधी बघितलं नव्हतं, आवाज खणखणीत, कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठल्या गल्लीत विजेची तार खाली आलीय, सगळं बोटीवाल्यांना नीट सांगत होते. पाणी ओसरलं, बोटी गेल्या, आणि आप्पा पडून राहिले. महिना दीड महिना. जेवण नाही, अंघोळ नाही, भिंतीकडं तोंड करून.

गावातल्या डॉक्टरांची एक फियाट होती. १९६८ ची, फियाट ११०० डिलाइट, मागं ते माशासारखे छोटे पर असतात बघा तसली, मळकट पांढरी. डॉक्टर वारून सात आठ वर्षं झालेली, मुलं लांब, गाडी वाड्याच्या सोप्यात उभी होती आणि पुरात चार दिवस टपापर्यंत पाण्याखाली. जानेवारीत मुलगा वाडा साफ करायला आला आणि भंगारवाल्याला बोलावलं, भंगारवाला म्हणाला नऊ हजार. आप्पा तिथनं चालले होते. घरी येऊन आईला म्हणाले, बारा हजार दे. आईनं कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही, मला हे नंतर कळल्यावर मी तिच्यावर चिडले होते, बारा हजार रुपये चिखलाला घातले म्हणून. ती एवढंच म्हणाली की तुझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मध्यरात्री डॉक्टरांनी याच गाडीतनं मला जयसिंगपूरला नेलंय, तुझे आप्पा तेव्हा आसामात होते.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन गावी आले. तेव्हा सोप्यात बघते तर गाडीची दारं काढून भिंतीला उभी, सीटा बाहेर, पत्र्यावर पुराची रेघ, आणि बॉनेटमध्ये वाकलेले दोन म्हातारे. दुसरे म्हणजे सुभेदारकाका. शेजारच्या गावचे, तोफखान्यातले, कारगिलला द्रासमध्ये बोफोर्सवर होते. तोफेजवळ राहून राहून कान गेलेत, तुम्ही मोठ्यानं बोलायचं आणि ते त्याहून मोठ्यानं बोलणार. जिल्हा सैनिक कल्याणच्या कुठल्यातरी पेन्शनच्या कागदासाठी कोल्हापूरला गेल्यावर एसटी स्टँडवर दोघांची ओळख झाली होती एवढीच. गाडी घेतल्याचं कळलं आणि ते पान्ह्यांचा डबा घेऊन हजर, ते आजपर्यंत येतायत.

इंजिन पूर्ण जाम होतं. गाळ आत गेलेला, पिस्टन सिलिंडरला चिकटलेले. चारी प्लग काढून भोकांतनं डिझेल आणि गिअर ऑइल एकत्र करून ओतलं आणि ठेवून दिलं. रोज सकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघं मागनं पुढनं हलवायचे, अगदी थोडं, झोळीतलं बाळ हलवतात तसं. हिसका द्यायचा नाही, हिसका दिला तर रिंगा तुटतात. अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी मी कॉलवर होते आणि बाहेरनं सुभेदारकाका किंचाळले, "हाललं! हाललं!" मला वाटलं भूकंप झाला. पंखा दोन इंच फिरला होता. आप्पा नुसते हसत होते, तोंड उघडून. मी लॅपटॉप तसाच ठेवून बाहेर जाऊन बघत उभी राहिले, कारण त्यांचे मागचे दोन दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं.

गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं, पाणी मिसळलेलं. ब्रेकचे सिलिंडर गेलेले. डायनॅमो गंजून गोळा झालेला. इंजिन खोलून ब्लॉक आणि हेड कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं, आणि शिवाजी उद्यमनगर ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे की तिथं तुम्ही काय वाट्टेल ते घेऊन जा, कुठल्यातरी गल्लीत लेथवर उभा असलेला माणूस ते हातात घेऊन फिरवून बघणार आणि करून देणार. १०८९ सीसीचं इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर, गंजाचे खड्डे जाईपर्यंत ओव्हरसाइझ बोअरिंग करावं लागलं. त्या साइझचे पिस्टन मुंबईत मिळाले. फियाट आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी एकाच घराण्यातल्या, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमुळं त्यांचे स्पेअर तिकडच्या जुन्या दुकानांत शिल्लक होते. आता त्या टॅक्स्याही गेल्या, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आम्ही नशिबानं त्याआधी सामान आणलं.

सुभेदारकाकांची टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हचं अंतर, सेट करायची पद्धत मला फार आवडते. त्यांना आवाज येत नाही म्हणून ते चालू इंजिनच्या झाकणावर तळवा ठेवतात, डोळे मिटतात आणि सांगतात तीन नंबर ढिला आहे. फिलर गेज लावून बघितलं तर तीन नंबरच. हे उद्यमनगरातल्या एका गॅरेजवर त्यांनी दुसऱ्याच्या गाडीवर करून दाखवलं तेव्हा तिथली पोरं काम सोडून बघत उभी राहिली होती.

पत्र्याचं काम सगळ्यात वेळखाऊ. पन्नास वर्षांत जिथं जिथं ठोकर बसली तिथं पत्रा न काढता वरनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला, एका ठिकाणी तर बोटभर जाड लांबी निघाली आणि तिच्या मागं पत्राच नव्हता, नुसता गंजाचा भुगा. आप्पांना या कामाचा राग यायचा. "केलंच नाही काम. नुसतं झाकलंय," असं पुटपुटत ते खरवडत बसायचे, मास्क न लावता, आई आतनं ओरडायची. दार आणि मडगार्ड नीट करायलाच पाच महिने गेले.

मी दिवसभर काम करून संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसायला लागले, बॅटरी धरायला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आप्पा बोलतात. समोर बसवून विचारलं तर एक शब्द नाही, पण दोघांची डोकी इंजिनात आहेत, कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाहीये, हातात पाना आहे, अशा वेळी मध्येच एखादं वाक्य. "तिकडं असलंच ऊन होतं." मग अर्धा तास काही नाही. मग "नारळाचं पाणी प्यायला बंदी होती आम्हाला, कुणी काय घालून देईल सांगता येत नव्हतं." मी काही विचारायचे नाही. एकदा विचारलं आणि ते हात पुसून निघून गेले, तेव्हापासून नाही विचारलं. आरओपी हा शब्द मी असाच शिकले, रोड ओपनिंग पार्टी. गाड्यांचा ताफा निघायच्या आधी काही जवान सुरुंग शोधत पायी पुढं जातात, कडेची माती उकरलीय का, कुठं वायर दिसतेय का, मोरीखाली, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाखाली, काही आहे का बघत. त्यांनी रस्ता मोकळा म्हणलं की गाड्या निघायच्या. मऊ माती आणि डांबरी रस्ता, माझं कोडं एकोणतीस वर्षांनी असं सुटलं आणि मी त्या रात्री झोपू शकले नाही.

सुभेदारकाका उलटे. त्यांनी एकदा चहा पिता पिता, हवामानाबद्दल सांगावं तसं, मोठ्या आवाजात सांगितलं की ते सहा वर्षं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जातायत, गोळी चालू आहे, आधी बायकोच्या अंगावर झोपेत धावून जायचे, आता नाही जात. गल्लीत सगळ्यांनी ऐकलं असणार. आप्पा बशीकडं बघत राहिले. आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता हे मी बघितलं.

डिसेंबरपर्यंत इंजिन बसलं आणि वायरिंगला सुरुवात झाली. जुनं वायरिंग उंदरांनी आणि पुरानं संपवलं होतं, आप्पांनी सगळं नवीन करायला घेतलं, एकट्यानं. यात ते कुणाला हात लावू देत नव्हते. प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी, प्रत्येक टर्मिनल दाबून वर सोल्डर, वर स्लीव्ह, आणि मग ओढून बघायचं, दोनदा. मला वाटलं हौस आहे. जानेवारीच्या शेवटी सगळं झालं, पेट्रोल घातलं, नवी बॅटरी बसवली, आणि सुभेदारकाकांनी सेल्फ मारला. खुर्र खुर्र खुर्र. इंजिन पकडेना. आप्पा चपला घालून चालायला लागले.

पुढचा रविवार, तेच. त्याच्या पुढचा, तेच. पंप काढून साफ केला, कार्बोरेटर दोनदा खोलला, टायमिंग परत लावलं. सुभेदारकाका वैतागले, म्हणाले प्लगला करंटच नाही, डेल्को, म्हणजे प्लगांना करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, बघायला पाहिजे. आप्पा म्हणायचे बघितलंय मी. मग एका संध्याकाळी ते दोघं चहाला बसलेले असताना मी मोबाइलची बॅटरी लावून सहज वाकले, आणि मला गाडीतलं फार कळत नाही पण वर्षभर बॅटरी धरून एवढं कळत होतं की कॉइलपासून डेल्कोला एक बारीक वायर जाते. ती वायर होती. चिठ्ठी लावलेली, टर्मिनल सोल्डर केलेलं, स्लीव्ह चढवलेली, सगळ्या वायरींपेक्षा सुंदर. फक्त जोडलेली नव्हती. टोकाला टेप गुंडाळून मागं दुमडून ठेवलेली होती, नीट.

मी म्हणाले, "आप्पा, ही वायर राहिलीय."

ते म्हणाले, "राहिली नाही."

मग ते उठून आले आणि मडगार्डला टेकून उभे राहिले. आणि बोलले, इंजिनाकडं बघत. त्यांच्याच शब्दात लिहिते, कारण मला दुसरे शब्द जमणार नाहीत. "माझी गाडी एक नंबरला होती. वन टन. साडेपाचला निघायचं होतं. सेल्फ मारतोय, धरत नाही. ही वायर ढिली झालेली. दोन मिनिटाचं काम. साब म्हणाले, तू मागनं ये, दोन नंबरला पुढं जाऊ दे. त्यानं माझ्या शेजारनं गाडी काढली. हात केला मला. आरओपी झालेली होती. मोरीखाली होतं."

सुभेदारकाकांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते चहाचा कप घेऊन जवळ आले आणि म्हणाले, "काय म्हणला?"

आणि आप्पांना ते परत सांगावं लागलं. मोठ्यानं. बत्तीस तेहतीस वर्षं जे एकदाही बोलले नव्हते ते दुसऱ्यांदा, ओरडून, एक एक वाक्य, "माझी गाडी! एक नंबरला होती!" आई स्वयंपाकघरातनं ऐकत होती. दोन नंबरचा ड्रायव्हर त्यांच्याच बॅरकमधला, शेजारच्या खाटेवरचा. "आदल्या रात्री मी ती वायर बघितली असती तर," असं ते म्हणाले आणि थांबले. सुभेदारकाकांनी कप बॉनेटवर ठेवला आणि आप्पांच्या मानेवर हात ठेवला, टॅपेट बघताना ठेवतात तसा, आणि तसाच ठेवून उभे राहिले. कुणीच काही बोललं नाही. त्या दिवशी वायर जोडली नाही.

पंधरा दिवसांनी सुभेदारकाकाच त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. माझ्या सांगण्यानं आप्पा कधी गेले नसते हे मला मान्य आहे, यापूर्वी दोन वेळा मी वेगवेगळ्या ठिकाणी नेलं होतं, एका ठिकाणी बीपीची गोळी दिली, दुसऱ्या ठिकाणी झोपेची, आणि दोन्हीकडं तुम्ही कुठं होता काय बघितलं हे कुणी विचारलं नव्हतं. इथं पहिल्याच दिवशी विचारलं. आणि नाव कळलं, पीटीएसडी, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात राहून गेलेलं दुखणं.

घरी येऊन मी रात्रभर वाचत बसले आणि मला राग आला, अजून येतो. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात सैनिकांच्या असल्याच दुखण्यावर शेल शॉक म्हणून लिहिलं होतं. व्हिएतनाममधनं परत आलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी भांडून भांडून १९८० मध्ये हे नाव अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तकात घालायला लावलं, आणि त्या वेळच्या लक्षणांच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं होतं, दुसरे गेले आणि आपण वाचलो याची अपराधी भावना. म्हणजे आप्पा बोटीत बसायच्या आठ वर्षं आधी त्यांच्या दुखण्याला नाव होतं, ते नाव आमच्या गावापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली, आणि तोवर आम्ही त्याला स्वभाव म्हणत होतो. पाय गेला असता तर गावानं बघितलं असतं. आता खडकीला असलेलं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जायबंदी जवानांना हातचं काम शिकवतंय, म्हणजे जखमी सैनिकाच्या हाताला काम पाहिजे हे आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. पण जखम दिसायला पाहिजे. आई त्या रात्री मला म्हणाली, "मी लोकांना स्वभाव म्हणून सांगितलं गं, पण मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय." तीस वर्षं ही बाई असं समजून जगली.

गोळी सुरू झाली, सर्ट्रालिन, पहिले तीन आठवडे पोट बिघडलं आणि आप्पा सोडून देणार होते, सुभेदारकाकांनी रोज फोन करून घ्यायला लावली. आणि बोलायचे सेशन. त्यात त्यांना तीच सकाळ परत परत सांगावी लागते, हळूहळू, प्रत्येक वेळी थोडी जास्त, पहिल्या दोन वेळा ते अर्ध्यातनं उठून आले. मग कोरोनाची दुसरी लाट आली, मग फोनवर, कडुलिंबाखाली गाडीत बसून, दार लावून. हो, फियाटमध्ये बसून. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी सांगते, आता मनाच्या दुखण्यासाठी सरकारच्या टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, आणि सैन्यातल्या लोकांसाठी पुण्यात एएफएमसीला, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. गाडी दुरुस्त करून माणूस बरा झाला असं कुणी समजू नका, गाडीनं त्यांना दारापर्यंत आणलं, आतलं काम डॉक्टरांकडं झालं आणि अजून चालू आहे. ते अजून दाराजवळच झोपतात. घोंगड्याच्या जागी गादी आलीय. रमचा कोटा आता दिवाळीला पाहुण्यांना पुरतो.

वायर कधी जोडली ते मला माहीत नाही. जूनमधल्या एका मंगळवारी मी मीटिंगमध्ये होते आणि बाहेर खुर्र झालं, एकदाच, आणि इंजिन लागलं. मी खिडकीतनं बघितलं तर आप्पा एकटेच होते, एक पाय गाडीत एक बाहेर, आणि गाडी चालू. दहा एक मिनिटं तसेच. मी बाहेर गेले नाही. मला वाटलं तिथं आत्ता दुसरं कुणीतरी आहे.

जुलै २०२१ ला परत पूर आला, या वेळी गाडी आधीच ट्रॅक्टरला बांधून माळावर नेऊन ठेवली होती. पासिंगला वर्ष गेलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आता व्हिंटेज नोंदणी मिळते, वीस हजार फी, व्हीए अक्षरांची पाटी, पण मग ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन असल्या कामांनाच. आप्पा म्हणाले गाडी बाजारला न्यायची आहे, मिरवायची नाही, म्हणून साधंच रिन्यूअल केलं. रंग परत तोच मळकट पांढरा, माझा आग्रह आकाशी होता, कुणी ऐकलं नाही.

पहिल्यांदा रस्त्यावर काढली ती सुभेदारकाकांच्या गावाला, आठ किलोमीटर. आप्पा चालवणार, काका शेजारी, मी आणि आई मागं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, मला वाटलं होतं हात विसरला असेल, नाही विसरला. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यासारखं. उसाच्या मधनं रस्ता जातो, तोडणी झालेली होती, लांबपर्यंत दिसत होतं. तीन किलोमीटरवर ओढ्याची मोरी आहे. त्याच्या पन्नास एक फूट अलीकडं आप्पांनी क्लच दाबला आणि गाडी थांबवली. इंजिन चालू. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. मागनं एक उसाचा ट्रॅक्टर आला, हॉर्न मारून बाजूनं निघून गेला, मोरीवरनं, काही झालं नाही अर्थातच. आप्पा हलेनात. आईनं माझा हात धरला.

सुभेदारकाकांनी त्यांच्याकडं बघितलं, मोरीकडं बघितलं आणि दार उघडलं. "थांब. आरओपी लावतो," म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. गुडघे दुखतात त्यांचे, हळूहळू चालत गेले. कडेला उतरून वाकले, मोरीच्या पाइपात बघितलं, दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडनंही बघितलं, पायानं कडेची माती दाबून बघितली. कसलीच घाई नाही, चेष्टा नाही, ड्युटीवर असल्यासारखं. मग मोरीच्या पलीकडं रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला.

आप्पांनी पहिला गिअर टाकला.

काकांच्या घरी पोहे झाले, चहा झाला, त्यांच्या नातवंडांनी हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवायची बाकी ठेवली होती. निघायला साडेपाच झाले, काका घरीच राहणार होते.

येताना मोरीला मी उतरले.